अंगरखा आणि चिलखत

नाशिकच्या एका वाचक-भगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र पाठवून असें विचारिलें आहे कीं, "माझ्या धाकट्या दिरांनीं नवी मोटारसायकल घेतली असून तिला सर्वांगास प्लास्टिकचें आवरण चढवावयाचें त्यांच्या मनांत आहे. सासूबाई म्हणतात, नव्या लुगड्यावर कोणी दुसरें लुगडें नेसतें काय? आपलें मत कळवावें." या सदरांत आजवर आम्हीं पिण्याचें पाणी गाळण्यापासून मुलांच्या हस्ताक्षरापर्यंत नाना विषयांवर लिहिलें, परंतु फटफटीच्या पेहरावाविषयीं लेखणी उचलण्याचा प्रसंग येईल असें वाटलें नव्हतें. तथापि हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. याच वस्तूचा आमच्या घरीं जो अनुभव आला तो सांगितल्यावांचून या भगिनींस सरळ उत्तर देतां येणार नाहीं, आणि तो अनुभव समजण्यासाठीं आधीं वस्तु समजली पाहिजे.

झांकण्याची हौस आपल्या घरांत फार जुनी. पोथीला बासन, पेटीला खोळ, गादीला अभ्रा व अभ्र्यावर चादर. रेडिओ होता तेव्हां त्यावर क्रोशाची झालर, दूरदर्शनचा संच आला तेव्हां त्याला पडदा. नव्या शीतकपाटाच्या दारावरील कारखान्याचें पातळ प्लास्टिक दोन-दोन वर्षें न काढणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, व त्यांतील एक आमचेंच आहे. हा खटाटोप कशासाठीं, असें विचारल्यास 'वस्तु टिकावी म्हणून' असें उत्तर मिळतें. परंतु फाटक्या गादीवर आपण चादर घालतों ती गादी टिकावी म्हणून नव्हे, पाहुण्यांना भोंक दिसूं नये म्हणून. राखणें आणि लपविणें हे दोन हेतु अगदीं निराळे. पण वाहनें सजविणारे दुकानदार ते एका दमांत बोलून जातात, आणि गिऱ्हाइकाच्याही तें लक्षांत येत नाहीं.

दुकानांत वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, विनाइलचा रंगीत पातळ पडदा. याला 'रॅप' म्हणतात. दुसरी, पाण्यासारखी पारदर्शक व त्याहून पुष्कळ जाड अशी फिल्म. हिला 'पीपीएफ', म्हणजे रंगाचें रक्षण करणारी फिल्म, असें नांव आहे. पहिला अंगरखा आहे, दुसरें चिलखत. अंगरखा घालून लढाईला जाऊं नये व चिलखत घालून लग्नाला जाऊं नये, इतकें ज्याला कळलें त्याचे निम्मे पैसे वांचले.

विनाइल या शब्दास भिण्याचें कारण नाहीं. नळकाम करणारे जे करडे पाइप घालतात ते ज्याचे, तेंच हें द्रव्य, पॉलीव्हिनाइल क्लोराइड. मूळचें तें ताठर आणि ठिसूळ. १९२६ सालीं अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील ॲक्रन या गांवीं वाल्डो सेमन नांवाचा रसायनज्ञ रबर धातूला चिकटविण्यासाठीं गोंद शोधीत होता. त्या नादांत त्यानें हें द्रव्य एका द्रावकांत खूप तापविलें, आणि गोंदाऐवजीं त्याच्या हातीं वांकणारा, लवचिक असा पदार्थ आला. गोंद शोधणाऱ्याला वस्त्र मिळालें, आणि पुढें त्याच वस्त्राच्या पाठीला दुसऱ्यांनीं गोंद लावून तें गाड्यांवर चिकटविलें, हा योग मौजेचा खरा. विनाइलचा हा मऊपणा उसना असतो. त्यांत तेलासारखीं रसायनें मुरविलेलीं असतात म्हणून तें वांकतें. ऊन आणि पेट्रोल तीं रसायनें हळूहळू ओढून घेतात. मग वर्षानुवर्षें तेल न लागलेल्या चामड्याच्या चपलेप्रमाणें तें आखडतें व तडकतें.

यांतही दोन जाती आहेत, आणि आमच्या गृहिणी-वाचकांस त्या दुकानदारापेक्षां लवकर समजतील. एक जात लाटलेली, दुसरी ओतलेली. लाटलेलीला 'कॅलेंडर्ड' म्हणतात. तापलेल्या रुळांमधून दाबून तिचा पत्रा काढितात. पुरी लाटून ठेवली तर ती हळूच आखडते; कणकेला आपला मूळचा गोळा आठवत असतो. लाटलेल्या विनाइलचेंही तसेंच आहे. टांकीच्या गोलाईवर ताणून बसविलें कीं कांहीं महिन्यांत तें कडांकडून मागें सरकूं लागतें, आणि उघड्या पडलेल्या चिकट पट्टीवर धुळीची काळी किनार धरते. दुसरी जात 'कास्ट'. तवा तापवून धिरडें घालावें त्याप्रमाणें पातळ द्रव ओतून, पसरून, भट्टींत सुकवून ही तयार करितात. तिला रुळांच्या दाबाची आठवण नसते. खोलगट जागीं ओढून बसविलेला भाग शेवटीं गरम हवेनें नव्वद अंशांच्या वर तापविला कीं तो तेथेंच राहतो. ही जात सुमारें ५० मायक्रॉन जाड, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक, आणि महाग. दुकानाच्या सपाट पाटीला किंवा रिक्षाच्या पाठीवरील जाहिरातीला लाटलेलें चालून जातें; पण मोटारसायकलीला सपाट अंग असतें कोठें? सर्वत्र गोलाई, खांचा आणि कंगोरे. म्हणून 'स्वस्तांत सर्वांगास रॅप' अशी पाटी दिसली कीं आंत न जातां पुढें चालूं लागावें.

आतां केसाएवढ्या वस्त्रानें उडालेला खडा अडेल काय? अडणार नाहीं. उन्हानें रंग विटणें, धुतांना फडक्याचे बारीक ओरखडे उठणें, एवढ्यापुरतें तें उपयोगी. खड्यासाठीं चिलखतच पाहिजे. पीपीएफ हें पॉलियुरेथेन नांवाच्या चिवट द्रव्याचें असतें. या कुळाचा शोध १९३७ सालीं जर्मनींत ओट्टो बायर यानें लाविला. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या फिरत्या पात्यांच्या कडा वाळूच्या माऱ्यानें झिजूं लागल्या, तेव्हां त्यांवर याच कुळांतील चिकट पट्टी लावण्याची युक्ति निघाली, व पुढें ती मोटारींवर आली. हिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन. खडा आदळला म्हणजे ती क्षणभर दबते व पुन्हां वर येते, आणि आंतला रंग वांचतो. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरांत आणखी एक गुण असतो. बारीक ओरखडा उठला असेल तर गाडी उन्हांत उभी केल्यानें किंवा वर कोमट-गरम पाणी ओतल्यानें तो भरून येतो. आमच्या पुतण्यानें हा प्रयोग आम्हांस अंगणांत करून दाखविला तेव्हां आम्ही थक्क झालों, हें कबूल करितों. मात्र खोल चीर भरत नाहीं. आणि गाडी पडली तर फिल्मच्या खालीं पत्रा वांकायचा तो वांकतोच. जुन्या किंवा हलक्या फिल्मा उन्हानें पिवळ्या पडतात, म्हणून घेण्यापूर्वीं 'ॲलिफॅटिक जातीची आहे काय' एवढें विचारावें. ती जात पिवळी पडण्यास पुष्कळ वेळ घेते. दुकानदारास हा शब्दच ठाऊक नसेल, तर तेंही एक उत्तरच झालें.

चिलखत सर्वांगास लागत नाहीं. जेथें घाव बसतो तेथें लागतें. मोटारसायकलीवर अशीं ठिकाणें थोडींच: पुढच्या मडगार्डाचें तोंड, दिव्याभोंवतालचा पत्रा, टांकीच्या दोन्ही बगला, जेथें गुडघे व पट्ट्याचें बक्कल घासतें, आणि बाजूच्या पत्र्याचा खालचा भाग, जेथें मागें बसणाऱ्याची टांच लागते. परदेशांत तीन चाकांच्या फटफट्यांची चाल आहे. हार्ले-डेव्हिडसन कंपनीची 'सर्व्ही-कार' या नांवाची तीनचाकी १९३२ पासून १९७३ पर्यंत निघत होती, आणि अमेरिकेंतील पोलीस तिच्यावर बसून फिरत. अशा गाडीचें पुढचें चाक मधोमध व मागचीं दोन रुंद अंतरावर असतात. त्यामुळें पुढच्या चाकानें उडविलेला खडा नेमका मागच्या मडगार्डांच्या तोंडावर बसतो. तेथें फिल्म लावणें शहाणपणाचें, आणि तेवढ्यावर थांबणें त्याहून शहाणपणाचें.

फिल्म कशावर चिकटते याचाही विचार हवा. कारखान्यांत भट्टींत भाजून बसविलेला रंग हा कर्णाच्या सहज कवचासारखा अंगाबरोबरच आलेला असतो. त्यावरून फिल्म काढली तरी तो सुटत नाहीं. पण अपघातानंतर रस्त्याच्या कडेच्या दुकानांत फवारलेला रंग हा नाटकांतल्या राजाच्या कवचासारखा असतो. फिल्म ओढली कीं तोही तिच्याबरोबर येतो, आणि पत्रा उघडा पडतो. नव्यानें रंगविलेल्या भागास निदान कांहीं आठवडे मोकळें ठेवावें. ओल्या रंगांतील वाफ बाहेर पडत असते, ती कोंडली तर फोड येतात. कांहीं गाड्यांची पेट्रोलची टांकी प्लास्टिकची असते. तिच्या अंगांतून पेट्रोलची वाफ अगदीं सूक्ष्म प्रमाणांत झिरपत असते, म्हणून अशा टांकीवर फिल्म टिकत नाहीं, बुडबुडे धरतात. खरखरीत काळ्या प्लास्टिकवर गोंद धरत नाहीं. सायलेन्सरला आणि इंजिनला कांहींही गुंडाळूं नये, हें सांगणें नलगे. पण गुंडाळलेलें आम्हीं पाहिलें आहे व त्याचा वासही घेतला आहे.

कौशल्य सारें कडांत असतें. जून महिन्यांत मुलांच्या पुस्तकांना तपकिरी कागदाचीं वेष्टनें घालतांना ज्यानें कांठ आंत दुमडले त्याचें पुस्तक मार्चपर्यंत टिकलें, आणि ज्यानें कांठावरच कागद कापला त्याचें गणेशचतुर्थीला फाटलें. हें आम्हीं पस्तीस वर्षें पाहिलें. फिल्मचेंही तसेंच. कड पत्र्याच्या आंतल्या बाजूस वळली पाहिजे. पेट्रोल भरण्याच्या तोंडाशीं ती थोडी दूर थांबविली पाहिजे, नाहीं तर सांडलेल्या थेंबानें गोंद सुटतो. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे टांकीवरच पातें फिरवून फिल्म कापणें. फिल्म सुबक कापली जाते खरी, पण खालच्या रंगावर केसासारखी रेघ उमटते, व पुढच्या पावसाळ्यांत त्या रेघेंतून गंज डोकावतो. जाणता कारागीर फिल्मखालीं दोरा असलेली पट्टी आधीं चिकटवितो आणि तो दोरा ओढून फिल्म कापतो. 'पातें कोठें चालविणार?' हा एक प्रश्न विचारला म्हणजे कारागिराची परीक्षा होते.

कायद्याचें कलम थोडक्यांत सांगतों. गाडीचा रंग नोंदणीच्या दाखल्यांत लिहिलेला असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत केलेल्या फेरफारांसंबंधींच आहे. म्हणून अंगरख्यानें रंग पालटणार असेल तर आधीं परिवहन कार्यालयांत जाऊन विचारावें. पारदर्शक फिल्मनें रंग पालटत नसल्यामुळें हा प्रश्न येत नाहीं. आमच्या पुतण्याला स्वतःच्या फटफटीसाठीं लष्करी हिरवा, चकाकी नसलेला रंग पाहिजे होता. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२१ वा नियम आम्हीं त्याच्यापुढें ठेविला: ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांवांचून इतर कोणत्याही वाहनास देतां येत नाहीं. "काका, हा रंग नव्हे, फिल्म आहे," असा युक्तिवाद त्यानें केला. न्यायशास्त्रांत याला छल म्हणतात, आणि चौकांतला हवालदार न्यायशास्त्र शिकलेला नसला तरी छल ओळखतो. मोटारींच्या कांचांवरील काळ्या फिल्मा सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बंद केल्या, तेव्हांही 'ही कांच नव्हे, फिल्म आहे' म्हणणारे पुष्कळ निघाले होते.

आतां आमचा अनुभव. आमच्या धाकट्या बंधूंस लहानपणीं पोलिओ होऊन डावा पाय अधू झाला. कुबडी घेऊन त्यांनीं शिक्षण केलें, नोकरी केली, आणि गेलीं पंधरा वर्षें ते स्वतःच्या स्कूटरवर वाचनालयांत, मंडईंत व आप्तेष्टांकडे जातात. या स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडून दोन जादा चाकें बसविलीं आहेत. मोजलीं तर चाकें चार भरतात. पण आमच्या आळींत सर्व जण तिला 'अण्णांची तीनचाकी' म्हणतात. या गाडीनें अण्णांस काय दिलें हें आम्ही जाणतों. पूर्वीं त्यांस कोठें जावयाचें असेल तर घरांतील कोणाची तरी सवड पाहावी लागे, आणि सवड मागण्याचा त्यांस फार संकोच. आतां ते कोणास न विचारतां जातात आणि येतांना इतरांचीं कामें करून येतात.

तो सांगाडा दर पावसाळ्यांत गंजे. दसऱ्याच्या सुमारास तारेच्या ब्रशानें घासून त्यास रंग देणें हें वर्षाचें काम होऊन बसलें होतें, आणि तें आमच्याकडे असे. तीन वर्षांपूर्वींच्या दसऱ्याला पुतण्या म्हणाला, "काका, दरवर्षीं ही कटकट कशाला? एकदां रॅप करून टाकूं." त्यानें दाखविलेले नमुने पाहून आम्हांसही मोह पडला. पहिल्या पगारांतून खर्च करण्यास तो तयार होता. पण आम्हीं हट्टानें पैसे दिले, आणि वर 'शास्त्राची प्रगति' या विषयावर जेवतांना दोन शब्दही बोललों. दुकानदारानें स्कूटरच्या अंगाबरोबर त्या नळ्याही काळ्या, विणीसारख्या दिसणाऱ्या विनाइलमध्यें गुंडाळून दिल्या. गंज पुरता घासला होता कीं वरवर पुसला होता, हें आम्हीं पाहिलें नाहीं. गाडी घरीं आली तेव्हां अण्णा तिच्याभोंवतीं कुबडी टेकीत दोन फेऱ्या फिरले आणि म्हणाले, "दादा, आतां ही आजाऱ्याची गाडी वाटत नाहीं."

हें वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहों. अंगरखा म्हणजे नुसता डौल, असें म्हणून त्यास हिणविणें सोपें आहे. पण पंधरा वर्षें ज्या गाडीकडे लोक कींव करून पाहत, तिच्याकडे शेजारचीं मुलें प्रथमच कौतुकानें पाहूं लागलीं. त्या वर्षीं अण्णा दोनदां जास्त सिनेमाला गेले असतील.

पुढच्या श्रावणांत डाव्या बाजूच्या नळीवर, वेल्डिंगच्या जोडाशीं, फिल्मवर वाटाण्याएवढा फोड आला. आम्हीं तो अंगठ्यानें दाबून सपाट केला. दोन-तीन दिवसांनीं तो पुन्हां आला. आम्हीं पुन्हां दाबला. भाद्रपदांत एके सकाळीं अण्णा फाटकाबाहेर पडण्यासाठीं गाडी चालूं करून बसले असतां ती डावीकडे हळूहळू खचली. त्यांनीं फाटकाचा गज धरला म्हणून ते पडले नाहींत. त्याच दिवशीं ते हमरस्त्यानें तीन मैलांवर एका स्नेह्यांकडे निघाले होते.

गाडी ढकलीत वेल्डरकडे नेली. त्यानें फिल्म सोलली तेव्हां आंतून तांबडें पाणी ओघळलें. जोडाची भेग नळीच्या निम्म्याहून अधिक फिरली होती. तो कारागीर पूर्वीं आमच्या शाळेंत होता. बोलतांना त्यानें मान वर केली नाहीं. "गुरुजी, अशी भेग एका दिवसांत पडत नाहीं. साधा रंग असता तर तोही तिच्याबरोबर तडकला असता, आणि महिनाभर आधीं तांबडी रेघ दिसली असती. ही फिल्म ताणते, तडकत नाहीं. तिनें झांकून ठेवलं." ज्या गुणासाठीं आम्हीं फिल्मचें कौतुक केलें होतें, त्याच गुणानें हा प्रकार केला. शिवाय कडेनें आंत शिरलेलें पाणी बाहेर पडूं शकलें नाहीं, तें वर्षभर लोखंड खात बसलें. दुकानदारास आम्ही बोल लावीत नाहीं. त्यानें मागितलें तें दिलें. लोखंडाचा भार वाहणारा भाग झांकावा कीं नाहीं, हें आमच्यापैकीं कोणीं त्यास विचारलेंच नव्हतें, आणि फोड तर आम्हींच दोनदां दाबला.

पुतण्या त्या रात्रीं जेवला नाहीं. अण्णांनीं त्यास खोलींत बोलावून काय सांगितलें तें आम्हीं सगळें ऐकलें नाहीं, एवढेंच ऐकूं आलें, "अरे, गाडी छान दिसत होती हें कांहीं खोटें नव्हे." दुसऱ्या दिवशीं दोघे मिळून नव्या सांगाड्याची चौकशी करावयास गेले.

हल्लींची व्यवस्था अशी आहे. सांगाडा नवा, आणि त्यावर फिकट करड्या तेलरंगावांचून कांहीं नाहीं. फिकट रंगावर तांबडी रेघ दुरून दिसते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या विजेरी घेऊन गाडीखालीं वांकतो आणि चारही जोड पाहतो. स्कूटरच्या अंगास मात्र पुन्हां अंगरखा आहे, ओतलेल्या जातीचा, नोंदणींत लिहिलेल्या त्याच तांबड्या रंगाचा. कारण अण्णांस ती गाडी पुन्हां आजाऱ्याची दिसलेली आम्हांस चालणार नव्हती. आणि चिलखत दोनच ठिकाणीं: पुढच्या पत्र्यावर, जेथें चढतांना बुटाची टांच लागते, व डाव्या बगलेस, जेथें कुबडी अडकविलेली असते. पंधरा वर्षें ती कुबडी तेथील रंग खात होती. आतां वर्ष झालें, ओरखडा नाहीं.

तेव्हां नाशिकच्या भगिनींस आमचें सांगणें असें. सासूबाईंचें म्हणणें निम्मेंच खरें आहे. नव्या गाडीस अंगभर अंगरख्याची गरज नाहीं. कारखान्याचा रंग हेंच तिचें उत्तम लुगडें. पण मडगार्डाचें तोंड आणि टांकीच्या बगला यांस नव्यापणींच पारदर्शक फिल्म लावावी, कारण ओरखडे उठल्यावर लावलेली फिल्म ते ओरखडेच जपून ठेवते. लावल्यावर चार-सहा दिवस गाडी धुऊं नये. पुढें धुतांना जोराच्या फवाऱ्याचें तोंड कडांवर धरूं नये; पक्ष्यांची घाण व झाडाचा चीक त्याच दिवशीं पुसावा. विनाइलच्या अंगरख्याचें आयुष्य पांच-सात वर्षें सांगतात. पण तें उभ्या अंगाचें. टांकीच्या माथ्यावर सूर्य सरळ उतरतो, तेथें पुष्कळ कमी धरावें, आणि फिल्म कडक होण्यापूर्वींच ऊब देऊन, सांप कात टाकतो तशी सावकाश सोलून काढावी. उशीर झाला तर ती कपच्या-कपच्यांनीं निघते, व काढणावळ लावणावळीहून अधिक पडते. कोंकणांत खाऱ्या हवेंत राहणाऱ्यांनीं तर कडा महिन्यास एकदां तरी पाहाव्या. आणि फोड आला तर दाबूं नये, उघडून पाहावा.

एक गोष्ट राहिली, ती घरांतील बायकांसाठीं. दसऱ्याला वाहनाची पूजा करतांना ओल्या हळदीकुंकवाचें स्वस्तिक फिल्मवर काढूं नये. विशेषतः चकाकी नसलेल्या फिल्मवर तो पिवळा डाग कायमचा बसतो, आणि झेंडूच्या माळेची तार ओरखडे काढते ती निराळीच. गेल्या दसऱ्याला आमच्या धाकट्या वहिनींनीं कुंकवाचें बोट सांगाड्याच्या करड्या नळीवर लावलें. संध्याकाळीं तें पुसावयास पुतण्या फडकें घेऊन गेला, आणि येण्यास वेळ लागला म्हणून आम्हीं डोकावून पाहिलें, तों तो विजेरी धरून डावा जोड पाहत होता. महिन्याचा पहिला रविवार अजून दूर होता.